‘या’ म्हणायचं कोणी?

व्हॅम्पायरबद्दल तीन गोष्टी सिनेमांनी आपल्याला पाठ करून ठेवल्या आहेत. त्याला लसूण सोसत नाही, आरशात तो दिसत नाही आणि बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. पहिल्या दोन गमतीच्या. तिसरी मात्र डोक्यात घोळत राहते. अंगात वीस माणसांचं बळ, वटवाघूळ होता येतं, धुकं होऊन फटीतून शिरता येतं. आणि असा हा प्राणी उंबऱ्यापाशी येऊन अडतो. आतून कुणीतरी ‘या’ म्हणेपर्यंत त्याचं काही चालत नाही.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तीत प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आपल्या सोबत्यांना शत्रूच्या मर्यादा समजावून सांगतो, तेव्हा हा नियम येतो. नियम दोन कलमांचा आहे. पहिल्यांदा येताना घरातल्या कुणीतरी बोलावलेलं असलं पाहिजे. आणि एकदा बोलावलं की पुढे तो मनाला येईल तेव्हा येऊ शकतो. इंडेक्स-टूवर नाव कुणाचं, घरपट्टी कोण भरतं, मेंटेनन्सची पावती कुणाच्या नावाने फाटते, यातलं काहीही हा नियम विचारत नाही. घरातलं माणूस असलं की झालं.

पण घरातलं माणूस कोणाला म्हणायचं? वडिलोपार्जित वाड्यात हा प्रश्न पडत नसेल. आज मात्र कुणी अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, कुणी कॉट बेसिसवर, कुणी लेकाच्या फ्लॅटमधल्या लहान बेडरूममध्ये. यांच्यापैकी कुणाच्या ‘या’ला वजन आहे? व्हॅम्पायरला जो प्रश्न दारात पडतो, तो आपणही एकदा स्वतःला विचारून बघायला हरकत नाही.

गंमत म्हणजे खुद्द ड्रॅक्युला घरांच्या व्यवहारात मुरलेला आहे. कादंबरी सुरू होते तीच एका घरखरेदीने. जोनाथन हार्कर हा तरुण वकील एक्सेटरहून ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो खरेदीच्या कामासाठी. लंडनजवळ पर्फ्लीटला कारफॅक्स नावाची जुनी, उंच भिंतीने बंदिस्त मालमत्ता काउंटने पसंत केलेली असते. इंग्लंडात एकाच माणसाला दोन वकील ठेवता येतात का, अशी बारीक चौकशी तो करतो. लंडनमधला वकील टाळून मुद्दाम लांबच्या गावचा धरतो, म्हणजे त्यात कुणाचे स्थानिक हितसंबंध नकोत. पुढे पिकॅडिलीतही घर घेतो. मायभूमीच्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या जहाजाने आणतो आणि त्यातल्या काही लंडनभर वेगवेगळ्या ठिकाणी हलवतो, म्हणजे एक जागा गेली तरी दुसरी हाताशी. स्वतःच्या मालकीच्या घरात शिरायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अडचण असते ती दुसऱ्याच्या घराशी.

आणि ती अडचण कशी सुटते, हे पाहण्यासारखं आहे. कारफॅक्सला लागूनच डॉ. सेवर्ड यांचं मनोरुग्णालय आहे. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेली मंडळी तिथेच मुक्कामाला असतात, हार्करची बायको मीनाही त्यांच्यात. सेवर्ड तिथले सर्वेसर्वा. त्यांनी काही त्याला बोलावलेलं नाही. बोलावतो रेनफिल्ड. हा तिथला रुग्ण. माश्या, कोळी, चिमण्या जमवून खाणारा, कुलपात ठेवलेला. ड्रॅक्युला त्याला खिडकीबाहेर उंदरांची फौज दाखवून भुलवतो, आणि हा ‘या’ म्हणतो. तेवढ्यावर काम होतं. पुढे मीनावर हल्ला होतो. रेनफिल्डला उमजतं, तो ड्रॅक्युलाला अडवायला धावतो आणि जिवानिशी जातो.

बाहेर जायची सोय नसलेला, खोलीचं दार स्वतःच्या हाताने उघडू न शकणारा, ज्याचं म्हणणं एरवी कुणी मनावर घेत नाही असा हा माणूस. तरी त्याच्या होकाराने दार उघडतं. म्हणजे या नियमापुरता तो पूर्ण घरातला. घराची इतकी उदार व्याख्या मला कुठल्या कायद्यात सापडलेली नाही.

याच कादंबरीत दुसरी बाजूही आहे. ड्रॅक्युलाच्या घरात शिरताना आपले सज्जन नायक काय करतात? कारफॅक्सचं कुलूप ते आणलेल्या चाव्यांनी उघडतात. पिकॅडिलीचं घर कुणी घेतलं हे सांगायला इस्टेट एजंट आधी नकार देतात. पण ही विचारणा नायकांपैकीच एक असलेल्या लॉर्ड गोडालमिंगसाठी आहे असं कळताच अदबीच्या पत्रातून सगळी माहिती पुरवतात. मग लॉर्डसाहेब भर दिवसा कुलूपवाल्याला बोलावून, आपलंच घर असल्यासारखे समोर उभे राहून ते घर उघडून घेतात. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला शंकाही येत नाही. दारात थांबायचं ते फक्त व्हॅम्पायरने. चांगले कपडे घातलेल्या जिवंत माणसाला कुलूपवाला पुरतो.

माझी भाची कोथरूडला आणखी दोघींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर. स्वभावाने प्रेमळ, अळूवड्या केल्या की डबा हमखास वर येणार. रविवारी सकाळी सातच्या सुमाराला लॅचमध्ये किल्ली फिरते.

“झोपा गं, झोपा तुम्ही. मी नुसतं तुळशीला पाणी घालते आणि जाते.”

तुळस बाल्कनीत. बाल्कनीत जायचं तर हॉलमधून, आणि हॉलमध्ये एकीची गादी. काकू तिला वळसा घालून पाय न वाजवता जातात, तांब्या रिकामा करतात, दोन पिवळी पानं खुडतात. परतताना सिंककडे एक नजर जाते.

“रात्रीची खरकटी अशी ठेवू नयेत गं. झुरळं होतात.”

एकदा भाचीने धीर करून म्हटलं, “काकू, येताना बेल वाजवत जा ना.” काकूंना खरोखरच नवल वाटलं. “अगं, तुमची झोप मोडेल म्हणून तर वाजवत नाही!”

यात दुष्टावा औषधालाही नाही. म्हणूनच मुली गप्प बसतात. अळूवडी खाऊन ‘येऊ नका’ कसं म्हणायचं? पण व्हॅन हेल्सिंगच्या नियमाने पाहिलं तर काकूंना दारातच थांबावं लागलं असतं. फ्लॅट त्यांचा, तुळस त्यांची, किल्ली त्यांची. पण घरातलं माणूस म्हणजे गादीवर झोपलेली ती मुलगी. तिने बोलावलेलं नाही.

कायद्याचं काय म्हणणं आहे? महाराष्ट्रात आज भाड्याची बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जातात. लायसन्स म्हणजे काय, हे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात सांगितलं आहे. एरवी बेकायदा ठरली असती अशी एखादी गोष्ट आपल्या जागेत करायला मालकाने दिलेली परवानगी. तिने जागेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे नोंदणी केलेल्या, अंगठे उमटवलेल्या, डिपॉझिट मोजलेल्या त्या करारानुसार भाची तिथे अकरा महिन्यांसाठी बोलावलेली आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे दुप्पट भाडं भरायचं. आमंत्रण मुदतीचं, आणि मुदत उलटली की दंडासह. व्हॅम्पायरला यापेक्षा बऱ्या अटी मिळतात. त्याचं आमंत्रण तरी कायमचं असतं.

पाहुण्याने आणखी पाहुणे बोलवावेत का, हा मग वादाचा विषय होतो, आणि करारात हौशी कलमं येऊन बसतात. मुक्कामी पाहुणे नकोत. मुलग्यांनी मैत्रिणी, मुलींनी मित्र आणू नयेत. आई-वडील आले तर आधी कळवावं. अशा घराच्या दारात उभा राहिलेला व्हॅम्पायर बिचारा बुचकळ्यात पडेल. आतली मुलगी ‘ये’ म्हणते आहे, पण तिचं म्हणणं धरायचं की खालच्या मजल्यावर जाऊन काकूंना विचारायचं?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात या किल्लीचा विचार केलेला आहे. मालकाला दुरुस्तीसाठी किंवा पाहणीसाठी आत यायचं असेल, तर किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यायची, कारण आणि वेळ सांगायची. आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर कुणी आत शिरायचं नाही. आग, पूर अशा आपत्तीचा अपवाद. हा नमुना आहे, राज्याने आपला कायदा केला तरच लागू होणारा. पण त्यातली ती सूर्यास्ताची अट वाचून मला हसू आलं. कायदा लिहिणाऱ्याने घरमालकाचा बंदोबस्त अगदी जुन्या, खात्रीच्या पद्धतीने केला आहे.

दाराच्या या मानमर्यादेला इंग्रजी कायद्यात फार जुना आधार आहे. १६०४ सालचा सेमेनचा खटला. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात ग्रेशम आणि बेरिस्फोर्ड हे दोघे मिळून एक घर भाडेपट्ट्याने घेऊन राहत होते. बेरिस्फोर्ड वारला. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं आणि त्याचं सामान घरात. सेमेन या सावकाराच्या दाव्यावरून शेरीफची माणसं जप्तीला आली, तर ग्रेशमने दार लावून घेतलं. न्यायालयाने कौल ग्रेशमच्या बाजूने दिला. प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला, हे सुप्रसिद्ध तत्त्व या निकालातलं. राजाच्या कामासाठी दार फोडता येईल. पण तेव्हाही शेरीफने आधी येण्याचं कारण सांगावं आणि दार उघडायची विनंती करावी. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज आणि सरदार येतात. इथे किल्लेदार होता भाड्याच्या घरात राहणारा, आणि मृत सोबत्याचं सामान सांभाळून बसलेला एक रूममेट.

या हिशेबात सगळ्यात अवघड जागा म्हणजे कॉट बेसिस. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या पेठांमधून एका खोलीत चार-पाच कॉट असतात. भाडं खोलीचं नसतं, कॉटचं. कॉटला उंबरा कुठून आणायचा? काही मुलं बेडशीटचा पडदा लावून घेतात, काही जण पत्र्याच्या कपाटाला स्वतःचं कुलूप लावतात. दार सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही. मित्र आला तर तो जिन्यात उभा राहतो आणि मुलगा शर्ट अडकवून खाली जातो. भेट होते ती चहाच्या टपरीवर.

मुंबईला अशी राहणी नवी नाही. गिरणगावात गावमंडळांच्या खोल्या असत. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकेका गावाची खोली. गावचा माणूस महिन्याची वर्गणी भरायचा, भिंतीलगत ट्रंक ठेवायचा आणि पाळी संपली की पथारी टाकायचा. एक उठून गिरणीत गेला की दुसरा त्याच जागी आडवा. जेवण खानावळवालीकडे. तिथे शिरायला आमंत्रण लागत नसे. गाव सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं की जागा व्हायची. त्या गावचा व्हॅम्पायर असता तर त्यालाही कोपऱ्यात चटई मिळाली असती. पण परक्या माणसाने चाळीचा जिना चढायला घेतला की पहिल्याच मजल्यावर गॅलरीतून प्रश्न यायचा, “कोण पाहिजे?” दारं दिवसभर सताड उघडी, आणि तरीही शिरणं सोपं नव्हतं. उंबरा एकेका खोलीला नसला तरी अख्ख्या चाळीला होता.

आजच्या सोसायटीत तो प्रश्न वॉचमन विचारतो आणि उत्तर मोबाइलवर द्यायचं असतं. खाली कुणी आलं की ॲप वाजतं, होकार किंवा नकार दाबायचा. हात कणकेत असतात, कुकरची शिट्टी झालेली असते, आपण कोपराने होकार दाबतो. रोजच्या येणाऱ्यांना कायमची परवानगी देऊन ठेवायची सोयही आहे: एकदा बोलावलं की मग केव्हाही. व्हॅन हेल्सिंगचं दुसरं कलम जसंच्या तसं. जुनी माणसं इथे जास्त सावध होती. ग्रीसमध्ये वृकोलाकास नावाचा मेलेला माणूस दारावर थाप मारून नाव घेऊन हाक मारतो असं मानत. पहिल्या थापेला ओ दिली नाही तर तो निघून जातो, म्हणून काही गावांत दुसऱ्या थापेशिवाय कुणी दार उघडत नसे. रात्री-अपरात्री नावाने हाक आली तर तिसऱ्या हाकेआधी ओ देऊ नये, असं आपल्याकडे कोकणातही सांगतात. भुताचं सोडून देऊ. होकार देण्याआधी थोडं थांबण्याची सवय मात्र त्यात होती.

थांबायचं अशासाठी, की घर एकट्याचं नसतं. रेनफिल्डने बोलावलं आणि भोगलं मीनाने. एका छपराखाली राहायचं म्हणजे इतरांच्या पाहुण्यांवरही विश्वास टाकायचा. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या २०१४ सालच्या न्यूझीलंडच्या विनोदी चित्रपटात वेलिंग्टनमध्ये चार व्हॅम्पायर एक घर करून राहतात. त्यांची भांडणं कुठल्याही बॅचलर फ्लॅटमधली. एकाने पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत म्हणून बैठक भरते. पुढे नव्याने व्हॅम्पायर झालेला एक जण आपल्या स्टू नावाच्या साध्यासुध्या मित्राला घेऊन येतो. स्टू माणूस आहे, म्हणजे यांचं अन्न. पण मित्राचा पाहुणा आहे, म्हणून त्याला खायचं नाही असं ठरतं, आणि भूक आवरून ते पाळतात. पाहुण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्याची, आणि त्याला सांभाळून घेण्याची सगळ्यांची. हे एवढं कळण्यासाठी फ्लॅटमेटना रक्त प्यायची गरज नाही.

आमंत्रण परत घेता येतं का? स्टोकरच्या जगात नाही. अलीकडच्या काही अमेरिकी मालिकांमध्ये घरातल्या माणसाने परवानगी काढून घेतली की व्हॅम्पायर उलट्या पावली दाराबाहेर फेकला जातो. ही सुधारणा कुणाला सुचली असेल, याचा अंदाज करता येतो. घरात एकदा घेतलेलं माणूस बाहेर काढता येत नाही, हे दुःख अनेकांच्या वाट्याला आलेलं असतं.

त्या दुःखाची एक नोंद थेट १७२५ सालची आहे. सर्बियातलं किसिल्येव्हो गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली. पेतार रात्री येऊन गळा दाबतो, असं मरणाऱ्यांनी सांगितलं. फ्रोम्बाल्ड नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने याचा अहवाल लिहिला. युरोपभर व्हॅम्पायरची चर्चा सुरू झाली ती अशा अहवालांमधून. त्यात पेतारच्या बायकोचंही म्हणणं आहे. नवरा मेल्यावर तिच्याकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. त्याला आमंत्रण लागलं नाही. घर त्याचंच होतं ना! बाईने काय केलं? तिने ते गाव सोडलं आणि दुसरीकडे राहायला गेली.

ज्याचा हक्क संपला आहे तो येत राहतो आणि जिचं घर आहे तिला निघावं लागतं. यात अलौकिक असं काहीच नाही. वेगळं झाल्यावरही जुनी किल्ली परत न केलेला नवरा, वस्तू न्यायच्या निमित्ताने पुन:पुन्हा येणारा जुना भागीदार, ही मंडळी वहाणाच मागायला येत असतात.

हे सगळं भाड्याच्या घरांपुरतं आहे असंही नाही. मुलाकडे राहायला आलेले निवृत्त गृहस्थ बघा. बँकेतला जुना मित्र भेटायला आला की ते त्याला वर नेत नाहीत. “खाली बाकावरच बसू, वारा छान आहे,” म्हणतात. वारा असतो किंवा नसतो. माप ओलांडून, अक्षता-औक्षणासह ज्या घरात आल्या, तिथे माहेरचं माणूस चार दिवस राहायला येणार म्हटलं की फोनवर “विचारून सांगते” म्हणणाऱ्या सुना आजही आहेत. स्वयंपाकघरात झोपणाऱ्या चोवीस तासांच्या बाईचा भाऊ गावाहून आला, तर ती त्याला गेटवर भेटते आणि पिशवी घेऊन वर येते. रेनफिल्डला जो हक्क होता, तो यांना नाही. व्हॅम्पायर या प्रत्येकाला घरातलं माणूस मानून त्यांच्या होकाराची वाट पाहत थांबला असता. आपण त्यांना तसं मानतो का?

स्वीडिश लेखक यॉन आय्विदे लिंडक्विस्ट यांच्या कादंबरीवर २००८ साली ‘लेट द राइट वन इन’ हा चित्रपट आला. स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरातल्या साध्या इमारती, बर्फ, आणि बारा वर्षांचा ओस्कर. शेजारी राहणारी एली व्हॅम्पायर आहे हे त्याला कळलेलं असतं. ती दारात येऊन थांबते, बोलाव म्हणते. न बोलावता आलीस तर काय होईल, असं तो तिला खिजवतो. एली मुकाट्याने आत येते. क्षणभर काही होत नाही. मग तिच्या डोक्यातून, डोळ्यांतून, अंगभर रक्त झरायला लागतं, आणि ओस्कर घाबरून तिला मिठी मारत बोलावून टाकतो. आई घरी नाही. घर आईच्या पगारावर चालतं. तरी त्या पोराचा होकार पुरा पडतो, आणि त्याने तो अडवून धरला तेव्हा त्याची किंमतही खरी असते.

मुलांच्या खोलीत आपण किती सहज शिरतो! दार ढकललं की आत. पोरगं दचकून मोबाइल पालथा घालतं आणि आपण विचारतो, “काय लपवतोयस?” बहुतेक वेळा ते काही लपवत नसतं. आपण विचारलं नाही, एवढंच त्याला बोचलेलं असतं. ते बोलून दाखवायला त्याच्याकडे जागा नसते.

घर कुणाचं, हे ठरवायची मला आता एकच कसोटी दिसते. कागद बघू नयेत. इथे राहणारं माणूस कुणाला न विचारता ‘या’ म्हणू शकतं का, आणि ‘आत्ता नको’ म्हटलं तर ते ऐकलं जातं का, एवढं बघावं. दोन्ही असेल तर कॉटसुद्धा घर होते. नसेल तर स्वतःच्या नावावरचा थ्री बीएचकेही मुक्कामाची जागा.

म्हणून आजच्यापुरतं ठरवायचं ते इतकंच. आपल्या घरात कुणाकुणाला पाहुणा बोलवायची मुभा नाही, ते आठवून बघावं. आणि आजोबांना म्हणावं, मित्राला वर घेऊन या, चहा मी टाकतो. जिथे आपल्याकडे किल्ली आहे, तिथेही बेल वाजवावी आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबावं. किल्लीने दार उघडतं, पण बोलावणं आतल्या माणसाकडूनच यावं लागतं.